विहिरीच्या उत्तरेचा माड

माणसाने आपल्या गावावर जीव लावावा, बायकोवर लावावा, गेला बाजार एखाद्या बैलावर लावावा. मी दुसऱ्याच्या बेटावर लावला, आणि तोही बेट न बघता. हा मूर्खपणा एका दिवसात झालेला नाही. त्याला सहा वर्षं लागली आणि तो रोज दुपारच्या सुट्टीत, देहूरोडच्या लष्करी डेपोत, गॅरेजमागच्या लिंबाखाली बसून झाला.

मी तिथे भांडारात कारकून. मूळचा मारुंजीचा. आमची जमीन मुरमाड, विहीर माघातच तळ दाखवायची, आणि चैत्र लागला की आई दोन हंडे घेऊन जी जायची ती उन्हं डोक्यावर आल्यावर परत यायची. मी लहानपणी एकदा सांडलेल्या तांब्याबद्दल मार खाल्लेला आहे. अशा माणसाला कोणी सांगितलं, की आमच्याकडे दाराच्या पायरीपर्यंत पाणी येतं आणि परत जातं, कोणी आणत नाही आणि कोणी अडवत नाही, तर त्याचं डोकं फिरणारच.

सांगणारा बरकत. डेपोच्या गॅरेजात मेकॅनिक. लढाईच्या दिवसांत, त्रेचाळीस साली, मुंबईमार्गे इकडे आला तो इथलाच झाला. लग्न केलं नाही. राजापूरच्या खाडीत एक लहानसं बेट आहे, तिथला तो. तिकडे खाडीतल्या बेटाला जुवं म्हणतात. बरकत नुसतं 'जुव्यावर' म्हणायचा, जसं आपण 'घरी' म्हणतो.

डबा उघडायच्या आधी तो मला रोज विचारायचा, "सोपानराव, आज तिथी काय?"

आमचं घर माळकऱ्यांचं, तिथी मला तोंडपाठ. मी म्हणायचो, "अष्टमी."

मग तो डोळे बारीक करून डेपोच्या कुंपणाकडे बघायचा. "म्हंजी आत्ता पानी पार उतरलं आसंल. चिखल उघडा पडला आसंल. बाया कालवं काढाय उतरल्या असतील." पौर्णिमा म्हटली की म्हणायचा, "आत्ता भरलीय खाडी. पायरीला लागलंय पानी." कुंपणापलीकडे लष्कराचे ट्रक आणि तापलेला माळ, आणि हा गडी तिथे भरती-ओहोटी बघायचा. सुरुवातीला मी चेष्टा करायचो. सहा वर्षांनी माझी अवस्था अशी, की रविवारी घरी बसलो तरी दुपारी बाराला पंचांग बघून मनात म्हणायचो, आता पाणी लागलं असेल पायरीला.

"एवढं हाय तर जात का न्हाईस?" असं मी विचारलं की त्याचा चेहरा बंद व्हायचा. "बघू पुढल्या वर्षी." एकदाच काय ते खरं बोलला. त्याचा बाप चव्वेचाळीस साली गेला. थोरल्या भावाने ते कळवलं नाही. राजापूरचा कोणी ट्रकवाला चाळीस दिवसांनी भेटला, त्याच्या तोंडून कळलं. "त्या दिवशी ठरवलं, सोपानराव. भाईचं बोलावनं येईल तवा जायचं. न बोलावता न्हाई."

"आलं का?"

"न्हाई." तो डब्याला झाकण लावत म्हणाला.

अकरा वर्षं हा माणूस एका पोस्टकार्डाची वाट बघत होता. आणि कार्ड आलं असतं तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. बरकतला उर्दू यायचं, पण आपलं बाळबोध अक्षर लागत नसे. सही तेवढी त्याने गिरवून गिरवून बसवली होती.

पंचावन्न साली मारुंजीची माझ्या वाटणीची जमीन मी थोरल्या भावाला दिली. मूलबाळ नाही, शेत कसायला मी जाणार नव्हतो. जे आलं ते पोस्टात ठेवलं. तेव्हा पिंपरीला सरकारचा औषधांचा कारखाना नुकता सुरू झालेला, जो तो चिंचवडला नाहीतर आकुर्डीला गुंठाभर जागा धरा म्हणून सांगायचा. शहाणी माणसं तेच करत होती. मी एक दिवस जेवताना आमच्या रुक्मिणीला म्हणालो, "मला जुव्यावर एक बाग घ्यायची हाय."

तिने भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. "अहो, गळ्यात माळ आन् राहायला माशांत? त्या होडीत तरी बसवंल का तुमच्यानं? इंद्रायणीला घोटाभर पाण्यात उभं राहून आंघोळ करता तुमी."

"नुसतं बघून येतो."

"बघूनच या," ती म्हणाली, "म्हंजी ते डोक्यातनं तरी जाईल." पण दुसऱ्या दिवशी तिने दशम्या बांधून दिल्या. तिला ठाऊक होतं, मला मारुंजी सोडल्यापासून कुठेच आपलं वाटलं नव्हतं. देहूरोडच्या त्या दोन खोल्या सरकारच्या होत्या, त्यातली खिडकीसुद्धा माझ्या मर्जीने उघडत नसे.

बरकतला मी सांगितलं, कोल्हापूरला मेव्हण्याकडे चाललोय. खोटं बोललो. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. पुण्याहून रात्रीची कोल्हापूरची गाडी, सकाळी रत्नागिरीची एस्टी, आंबा घाट उतरून पालीला गाडी बदलायची, राजापूर, तिथून खाडीच्या काठाकाठाने दोन तास पायी. शेवटी लाल मातीची एक उतरण संपली आणि समोर पाणी आलं. त्या पाण्यात माडांनी भरलेला एक हिरवा तुकडा होता.

काठावर उभा राहून काय करायचं ते मला माहीत होतं. बरकतने शंभरदा सांगितलं होतं. तोंडाभोवती हात धरून हाक मारली. पलीकडून एक होडी सुटली. वल्हवत होती एक म्हातारी, साठीच्या पुढची, पदर कमरेला खोचलेला. तिचं नाव रहमतबी. मी फळी दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून बसलो, तशी ती हसली. "घाटावरचे काय? डोळे उघडा, नायतर बघाल काय?"

मी उघडले. खाली हिरवं पाणी, वर माड, मधल्या उतारावर कौलारू घर, आणि घराच्या पायरीला खरंच पाणी लागलेलं. मला रडू आलं. बेचाळीस वर्षांचा माणूस, पहिल्यांदा आलेला, आणि हुंदका असा, की वर्षानुवर्षं दूर राहून परत आल्यासारखा. म्हातारी ते बघत वल्हवत राहिली.

"हितं कोनाची बाग इकायची हाय का?" मी नाक पुसत विचारलं.

"हाय की. आमच्या जहीरची. माझ्या भावाचा लेक," असं म्हणून तिने होडी त्याच पायरीला लावली.

जहीर ओट्यावर बसला होता. पाय सुजलेले, गुडघ्यांना कसलासा पाला बांधलेला. दोन मुलं बोटीवर खलाशी, ती मुंबईहून हलायला तयार नव्हती, म्हणून हाच घर-बाग विकून तिकडे जाणार होता. माडावर चढणारा माणूस गावात उरला नव्हता. माझी माळ बघून त्याने न विचारता सुनेला सांगितलं, चूल सारवून भात टाक, ओलं खोबरं वाढ. कोरा चहा आला. मी देहूरोडहून आलो म्हटल्यावर त्याचा पेला तोंडाशीच थांबला.

"देहूरोडला आमचा बरकत असतो. गॅरेजात. वळखता काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या पायरीला मी सहा वर्षं पाणी लागलेलं बघत होतो, तीच ही पायरी. जी बाग मी मागायला आलो होतो, ती बरकतची होती. उठून परत जायला हवं होतं. मी उठलो नाही. मी विचारलं, "त्याला बोलावलं का न्हाई तुमी?"

जहीर एकदम तडकला. "काय बोलवायचं? बाप मेला, तर लेकाला आवताण धाडायचं? बोलावतात ते पाव्हण्याला. घरचा माणूस हाय तो. घर हे हाय, विहीर ही हाय, वाट त्याला ठाऊक हाय. मी कार्ड टाकलं तर तो काय म्हणंल? भाईनं मला पाव्हणा केला, म्हणंल." तो गुडघे चोळायला लागला. "रोज हाक आली की वाटतं, तोच आला."

हे दोन भाऊ. एक बोलावल्याशिवाय जाणार नाही, दुसरा बोलावून परका करणार नाही. मला दोघांचाही राग आला. पण खरं सांगायचं तर त्या रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. मी ओट्यावरून विहीर बघत होतो, आणि माझ्या मनात चाललं होतं की रुक्मिणीची तुळस कुठे लावायची.

दोन दिवस मी तिथे राहिलो. ओहोटीत चिखल उघडा पडताना बघितला, बायका कालवं काढताना बघितल्या. विहिरीचं पाणी प्यालो. चारी बाजूंना खारट आणि मधे हे एवढं गोड. दुसऱ्या दिवशी राजापूरहून जहीरने एका लिहिणाऱ्याला बोलावून खरेदीखताचा मसुदा करवला. बरकतचा हिस्सा असल्याने त्याची सही हवी होती. ती मी आणायची, मग कचेरीत दस्त नोंदायचा, असं ठरलं.

मसुदा वाचताना मी एका जागी अडलो. लिहिलं होतं: 'सदर मिळकतीपैकी विहिरीचे उत्तरेस असलेला एक माड, व धक्क्यापासून सदर माडापावेतो जाणे-येणेची वाट, ही बरकत वल्लद इस्माईल यांची असून या व्यवहारात आलेली नाहीत. त्यास खरेदीदाराने केव्हाही हरकत करू नये.'

"हे काय?" मी म्हणालो. "जमीन माझी आन् मधी झाड त्याचं? आमच्याकडं असलं काय न्हाई. भुई ज्याची त्याचं झाड."

"आमच्याकडं भुई येगळी, झाड येगळं," जहीर म्हणाला. "तो जन्मला तवा बापानं लावलेला माड हाय तो. माझा नाय, मी कसा इकू?"

"मंग त्यालाच सांगतो सोडाय. येका झाडाचं काय एवढं?"

"सांगा. तो सोडंल तर सुटला. पण त्याला हे वाचून दाखवा. सगळं. येक अक्षर गाळू नका." आणि तो उठून भिंतीच्या आधाराने आत गेला.

मला वाटलं, हटवादी म्हातारा, बागेच्या ऐन मध्यावर खुंटी मारून ठेवतोय. परतताना होडीत मी ते रहमतबीला बोलूनही दाखवलं. तिने वल्हं पाण्यातच धरून ठेवलं.

"अवो घाटावरचे, झाडाच्या धन्याला कोन बोलावतं काय? त्यानं कवाबी यायचं, आपल्या झाडाचे नारळ उतरवायचे, बसायचं, जायचं. भुई कुनाचीबी असू दे. जहीरनं माड ठेवला म्हंजी त्याची वाट ठेवलीय." मग पुन्हा वल्हवायला लागली. "तुमाला नाय कळायचं. पन त्याला कळंल."

मला कळलं. तेच तर वाईट झालं.

देहूरोडला आलो आणि तो कागद तीन आठवडे कोटाच्या आतल्या खिशात घेऊन फिरलो. कारण हिशोब सरळ होता. बरकतने तेवढ्या दोन ओळी ऐकल्या तर तो सही करणार नाही. तो घरी जाईल. बागेला माणूस मिळेल, जहीरला विकायची गरज उरणार नाही, आणि माझी पायरी, माझी विहीर, माझी तुळस, सगळं गेलं. आणि त्या दोन ओळी दुसऱ्या पानावर होत्या, चतुःसीमा संपल्यावर आणि सह्यांच्या आधी. पूर्वेस खाडी, पश्चिमेस खाडी असं वाचत एका दमात थेट सहीच्या जागेवर येता येत होतं. मी ते घरी एकट्याने म्हणूनही पाहिलं. अगदी सहज जमत होतं.

रुक्मिणीने ऐकलं असावं. "कुणाचं वाचताय?" तिने विचारलं. मी सांगून टाकलं. तिने कणीक मळत सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "मला तिथं तुळस लावून द्याल, पण मी तिला पाणी कुठल्या तोंडानं घालू?" आणि पुन्हा कणकेला लागली. तिला भांडायचं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या सोमवारी, दुपारी लिंबाखाली, मी डबा उघडलाच नाही. बरकत तिथी विचारायच्या आत म्हणालो, "मी कोल्हापूरला गेलो नव्हतो. जुव्यावर गेलतो."

त्याच्या हातातला घास तसाच राहिला. जीव घाबरा झालेल्या माणसासारखा तो माझ्याकडे बघत राहिला, आणि पहिला प्रश्न विचारला तो बागेचा नाही, भावाचा नाही. "माझं कुनी इचारलं?"

त्याला हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी कागद काढला. "भाईनं हे दिलंय. वाचून दाखवाय सांगितलंय."

अकरा वर्षांनी घरून आलेला पहिला कागद, आणि तो विक्रीचा. मी पहिलं पान वाचलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. 'लिहून देणार' आलं, बापाचं नाव आलं, 'कायम खूषखरेदी' आलं. तो मान खाली घालून सुपारीएवढा एक खडा बोटांनी फिरवत होता. "इकतोय व्हय," एवढंच पुटपुटला. मी पान उलटलं. पूर्वेस खाडी. पश्चिमेस खाडी. दक्षिणेस रहमतबींची वाडी. उत्तरेस धक्का. आणि तिथे आलो.

मी थांबलो. अगदी खरं सांगतो, तेव्हाही मला ती बाग हवी होती. आजही हवी आहे. त्या बागेएवढं मला आयुष्यात काही हवं झालं नाही.

"झालं?" त्याने विचारलं. "सही कुठं करायची, दावा."

"न्हाई झालं," मी म्हणालो, आणि वाचलं. विहिरीचे उत्तरेस असलेला एक माड. धक्क्यापासून सदर माडापावेतो जाणे-येणेची वाट. बरकत वल्लद इस्माईल यांची.

खडा फिरायचा थांबला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"भाईनं लिवलंय हे? का लिवनाऱ्यानं मनानंच घातलंय?"

"भाईनं. मी सोडा म्हटलं तर माझ्यावर चिडला."

"परत येकदा वाचा, सोपानराव."

तिसऱ्या वेळी मी कागदाकडे बघितलंही नाही. मला ते पाठ झालं होतं. बरकतने गॅरेजच्या तेलाने माखलेला हात तोंडावर धरला आणि तो हमसून हमसून रडला. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसलो. त्याचं आवरेपर्यंत दुसरं काही करता आलं नाही.

मग तो कागद घ्यायला हात पुढे करत म्हणाला, "सही करतो मी. तुमी बाग घ्या. माझा माड हाय तेवढा बास. मी येत जाईन."

तो खरंच करणार होता. पेन माझ्या खिशात होतं. आणि मला माहीत होतं, की एकदा त्या ओट्यावर बसल्यावर, भावाचे सुजलेले पाय बघितल्यावर, हा माणूस तिथून हलणार नाही. तिथे उभा राहून मी त्याच्या घराचा मालक म्हणून काय करायचं होतं?

"आत्ता न्हाई," मी म्हणालो. माझा आवाज उगाच चढला होता. "आदी घरी जाऊन ये. माडावर चढायला माणूस न्हाई तिथं. मंग आल्यावर बघू सहीचं."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. त्यालाही कळलं की तो सही करायला परत येणार नाही.

भोंगा व्हायला थोडा वेळ होता. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "मी आलतो तवा बोटीनं आलतो, मुंबैवरनं. आता एस्टी झालीया म्हनं. कुठून बसायचं?"

सहा वर्षं ज्याने मला ते बेट तिथीगणिक सांगितलं, त्याला मी त्याच्या घरची वाट सांगू लागलो. पुण्याहून रात्रीची गाडी धर. कोल्हापूरला सकाळी रत्नागिरीची एस्टी. घाट उतरेस्तोवर डावीकडं बस. पालीला डोळा लागू देऊ नको, गाडी तिथं फार थांबत नाही. राजापूरहून काठाकाठाने चालत जा. लाल उतरण संपली की हाक मार. तो ओठ हलवत एकेक नाव मागोमाग म्हणत होता, शाळेतल्या पोरासारखा.

"रहमतफूफी हाय अजून होडीवर?"

"हाय."

मग जरा भीत भीत, जणू मी त्याला आता नाहीच म्हणणार होतो, त्याने विचारलं, "लई लांब हाय का वो?"

"न्हाई," मी म्हणालो. "दीड दिवस लागतो."